बेशुद्धीतला नायक

१ जानेवारी, बुधवार. सकाळ.

नवं वर्ष. यंदा पुनरागमन.

संकल्प असे. पहाटे लुम्फिनी बागेत फेऱ्या. बर्फाची कॉफी बंद. पोट आत. डायलॉग आदल्या दिवशीच पाठ. ताईच्या खाणावळीतला डुकराच्या पायाचा भात फक्त रविवारी.

आज बागेवर धुरकं होतं. धुरक्यात चालणं फुप्फुसांना वाईट, आणि फुप्फुसं हेच नटाचं भांडवल. म्हणून खिडकीत उभं राहून बागेच्या दिशेने दीर्घ श्वास घेतले. खोकला आला. खिडकी लावली.

रविवारी दुपारी मी रत्चनीकडे, माझ्या जुन्या नायिकेकडे, जेवतो, त्यामुळे डुकराच्या पायाचा भात रविवारी जमणार नाही. बुधवार ठरवला.

आज बुधवारच आहे.

संध्याकाळ.

खाली खाणावळीत ताईला नव्या मालिकेबद्दल सांगितलं. ‘परक्या अंगणातला चंद्र’. मी रेशीम गिरणीचा मालक. दिग्दर्शिका स्वतः म्हणाली, सगळी गोष्ट तुमच्याभोवती फिरते. म्हणजे मुख्य भूमिका. तिने तसा शब्द वापरला नाही, पण ज्याच्याभोवती सगळं फिरतं त्याला आणखी काय म्हणतात?

ताई भात वाढता वाढता म्हणाली, "मग पोस्टरवर कुठेयस?"

आहे. जिन्याच्या कठड्यामागे. गूढ दिसतो.

"कोपर दिसतंय तुझं, जुक," ताई म्हणाली. "मी तुला लहानपणापासून बघतेय म्हणून ओळखलं."

सगळं बँकॉक मला अदिसॉन म्हणून ओळखतं. ताई मात्र भर गिऱ्हाइकांत जुक या घरच्या नावाने हाक मारते. सांगून दमलो.

३ जानेवारी, शुक्रवार.

शूटिंगच्या आधीची पूजा. डुकराचं मुंडकं, केळी, नारळ, उदबत्त्या. मी पहिल्या रांगेत उभा राहिलो. फोटो काढणारी मुलगी म्हणाली, काका, जरा डावीकडे. मग म्हणाली, अजून थोडं. असं करत करत मी केळीच्या खांबापाशी गेलो. तिथे प्रकाश मऊ होता. तिला नजर आहे.

दिग्दर्शिकेचं नाव नात्तया. वयाने माझ्या बुटांपेक्षाही लहान असेल. मला ‘काका’ म्हणते. तिला बाजूला घेऊन समजावलं, की सेटवर नायकाला दादा म्हणायची पद्धत आहे. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बरं, काका."

माझ्या बायकोचं काम रत्चनी करतेय. तीस वर्षांपूर्वी आम्ही नायक-नायिका होतो. अजूनही रस्त्यात बायका थांबवून विचारतात, तुम्ही तेच ना? परवा एकीने विचारलं. मी हो म्हणालो. तिला दुसराच कोणीतरी वाटला होता, पण सही घेतली.

रत्चनीने लग्न केलं नाही. का केलं नाही, ते मला माहीत आहे. कधी विचारलं नाही. काही गोष्टी पुरुषाने न विचारता समजून घ्यायच्या असतात.

५ जानेवारी, रविवार.

रत्चनीकडे जेवण. आंबट माशाची आमटी, अंड्याचं धिरडं, चमायच्या हातचं. चमाय म्हणजे रत्चनीची थोरली बहीण, दातांची डॉक्टर. तीस वर्षांपूर्वी रत्चनीने ओळख करून दिली, "ही पी चमाय," आणि पी म्हणजे ताई, हे काय मला सांगायला हवं? दोघींचे चेहरे मुळीच जुळत नाहीत. एकीने आईचं नाक घेतलं असेल, एकीने बापाचं.

चमायला मी फारसा आवडत नाही. साहजिक आहे. धाकट्या बहिणीवर डोळा ठेवून असलेला पुरुष कोणत्या थोरलीला आवडेल?

घर लहान. झोपायची खोली एकच. एक नटी आणि एक डॉक्टर, दोघी मिळून एक खोली! कलाकारांना या देशात किंमत नाही, दुसरं काय. मोरीत दोघींचे ब्रश एकाच पेल्यात होते. दातांच्या डॉक्टरकडून ही अपेक्षा नव्हती. बोललो नाही.

दोनदा भात घेतला. उद्यापासून बाग.

७ जानेवारी, मंगळवार.

बाग नाही. धुरकं.

मालिकेची गोष्ट अशी. माझा मित्र मरताना आपली मुलगी माझ्या स्वाधीन करतो. मी तिला घरी आणतो. बायकोला वाटतं, ही माझी ठेवलेली. मुलालाही तसंच वाटतं, आणि त्याचं तर तिच्यावर प्रेम बसलेलं. त्यात तो मुलगा खरं म्हणजे माझा नाहीच, हॉस्पिटलात अदलाबदल. हे फक्त मला माहीत. मी एक वाक्य बोललो तर सगळ्यांचे डोळे उघडतील. पण मी तोंड उघडलं की कोणीतरी आत येतं. मोलकरीण सरबत आणते. वीज जाते. आज चौथ्यांदा मी म्हणालो, "तुम्हाला वाटतंय तसं नाही, ती माझी..." आणि गिरणीला आग लागली.

नात्तयाला म्हणालो, हे काही पटत नाही. एका घरात राहायचं, एका टेबलावर जेवायचं, आणि कोण कोणाचं कोण लागतं हे कळू नये? माणसं काय आंधळी असतात?

ती म्हणाली, "काका, तुम्ही ते वाक्य बोललात तर मालिका संपेल."

म्हणजे मालिका माझ्या मौनावर उभी आहे. हे असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी मौनाची वेगळी तयारी केली असती.

८ जानेवारी, बुधवार.

थोबाडीत मारण्याचा सीन. रत्चनी मला मारते. मी डायलॉग विसरलो, त्यामुळे पुन्हा मारलं. मग दिवा गेला. पुन्हा. मग माझं वाक्य पुढे-मागे झालं. गाल सुजला. मेकअपवाली बर्फ घेऊन उभीच.

रत्चनी दर वेळी आधी कुजबुजायची, "मान हलवू नकोस रे, नेम चुकतो माझा." किती जिव्हाळा. शेवटच्या थपडेला तिचा हात थरथरला. तीस वर्षांचं साठलेलं होतं त्यात.

ती म्हणाली, "हात दुखायला लागला बाई माझा."

बुधवार असल्याने डुकराच्या पायाचा भात. एकाच बाजूने चावला.

१० जानेवारी, शुक्रवार.

नात्तया म्हणाली, "काका, तुमच्यासाठी आनंदाची बातमी. आता डायलॉग पाठ करायचे नाहीत."

मी जिन्यावरून पडतो आणि बेशुद्ध होतो. सगळं रहस्य माझ्या पोटात, आणि मी शुद्धीवर येईपर्यंत कोणाला काही कळणार नाही. किती भाग, विचारलं. म्हणाली, "बघू. लोकांना आवडलं तर बरेच."

नुसत्या चेहऱ्यावर अख्खी मालिका पेलायची. हे काम नवशिक्याला देत नाहीत. ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "म्हणजे झोपायचं काम." ताई कलेच्या बाबतीत कच्ची आहे.

जिन्यावरून माझ्याऐवजी एक बदली माणूस पडला. फार छान पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाकून स्वीकारल्या.

१३ जानेवारी, सोमवार.

बेशुद्धीचा पहिला दिवस. हॉस्पिटलचा पलंग, नाकात नळी. गोष्ट खरोखर माझ्याभोवती फिरते. येतात, पलंगाला फेरी मारतात, रडतात, जातात.

तंत्र असं वापरलं: आतून पूर्ण शांत व्हायचं. इतका शांत झालो की आवाजाचं काम बघणारा माणूस तक्रार घेऊन आला. म्हणे घोरण्यामुळे नायिकेचं रडणं ऐकू येत नाही. नात्तयाने त्याला काहीतरी हळू सांगितलं आणि त्याने माईक लांब नेला. दिग्दर्शिका चांगली असली की नटाला असं जपते.

खरं लिहायचं तर, इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. उठलो तेव्हा क्षणभर कळेना की मी कुठे आहे आणि इतकी माणसं माझ्यासाठी का रडताहेत. बरं वाटलं.

१४ जानेवारी, मंगळवार.

सावकाश लिहितो.

दुपारी सेटच्या मागे रत्चनी माझ्या शेजारी येऊन बसली. हातात बर्फाची कॉफी, दोन. एक मला दिली. (संकल्प मोडला, पण प्रसंगच तसा होता.)

म्हणाली, "जुक, गुरुवारी, तेवीस तारखेला, मोकळा आहेस?"

मी म्हणालो, बघावं लागेल. मोकळाच होतो.

"बांग्रकच्या वॉर्ड ऑफिसात यायचंय. लग्नाची नोंदणी. तेवीसच हवी, उशीर नको. इतकी वर्षं वाट बघितली. आता नाही केलं तर कधी करणार? वय का थांबतंय?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझ्याशिवाय दुसरं कोणाचं नावच डोक्यात आलं नाही. चमायचीही फार इच्छा आहे."

चमायचीही! म्हणजे थोरलीचा होकार आहे.

मी म्हणालो, "रत्चनी, तू मला आधी का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "अरे, तुला काय सांगायचं? तुला सगळं माहीतच होतं की."

होतंच. तीस वर्षं होतं. फक्त पुरुषाने विचारायच्या आधी बाईने विचारलं, एवढंच. काळ बदललाय. मी तिचा हात हातात घेतला. तिने माझा दाबला. नात्तयाने हाक मारली, काका, बेशुद्ध व्हायला या.

आज पलंगावर झोप लागली नाही.

१५ जानेवारी, बुधवार.

ताईला सांगितलं. तिच्या हातातला डाव हवेतच थांबला.

"कोणाशी?"

"रत्चनीशी."

"तू तिला विचारलंस?"

"तिनेच विचारलं."

ताईने डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "जुक, बस जरा. ती चमाय आहे ना, ती तिची..." आणि इतक्यात समोरच्या बँकेतल्या बायकांचा घोळका जेवायला आला. सहा ताटं, दोन बिनतिखटाची. ताई पुन्हा माझ्याकडे वळली तेव्हा मी वर गेलो होतो. चमाय कडक आहे हे मला ताईने सांगायला नको.

रात्री पडल्या पडल्या विचार केला. चमायलाही आपल्याबरोबरच राहू द्यायचं. थोरली बहीण. या वयात तिला कुठे टाकणार?

१७ जानेवारी, शुक्रवार.

संकल्पांची उजळणी. तेवीसपर्यंत पोट आत. बागेत गेलो! दारापर्यंत. घोरपडी तळ्याबाहेर येऊन रस्त्यात पडल्या होत्या. त्यांना त्रास देणं बरं नव्हे.

केसांना रंग लावला. पाकिटावर ‘नैसर्गिक काळा’ लिहिलं होतं. डाव्या कानालाही लागला. कान नैसर्गिक दिसत नाही.

मेकअपवालीने विचारलं, "काका, बेशुद्ध माणसाचे केस कसे काळे झाले?" मालिकेत मी पांढऱ्या केसांनी पडलो होतो. नात्तयाने कपाळाला हात लावला. शेवटी माझ्या डोक्याला बँडेज गुंडाळलं. त्याने व्यक्तिरेखेला खोली आली.

१९ जानेवारी, रविवार.

रत्चनीकडे जेवण. आज चमाय वेगळीच. माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला, जो तीस वर्षांत कधी माझ्या वाट्याला आला नाही. म्हणाली, "येतोयस ना नक्की? ओळखपत्र विसरू नकोस. हिला चार दिवस झोप नाही."

मी म्हणालो, "मलाही नाही."

चमाय हसली. ती हसते हे माहीत नव्हतं. दात चांगले आहेत.

रत्चनी भांडी घासत होती, चमाय पुसत होती. एक शब्द न बोलता ताटली एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात होती. बहिणींमध्ये असं प्रेम हल्ली दिसत नाही. मी सोफ्यावर बसून बघत होतो. वाटलं, आता या घरात मी दर रविवारी उठून घरी जायचं नाही. संध्याकाळ झाली की दिवा लावायला मीही असेन.

रस्त्याकडेच्या आंब्यांखालून घरी चालत आलो. पाय दुखले.

२१ जानेवारी, मंगळवार.

मेकअपच्या खोलीत रत्चनीला म्हणालो, "चमायची काळजी करू नकोस. ती आपल्याबरोबरच राहील."

रत्चनी आरशातून माझ्याकडे बघून हसली. "नाहीतर कुठे जाईल, वेडा!" मग म्हणाली, "तू खरंच फार चांगला आहेस, जुक. सगळ्यांना असं जमत नाही."

जमत नाही. मान्य आहे.

२२ जानेवारी, बुधवार.

ताई सकाळपासून मागे लागली. पेपर घेऊन जिना चढून आली, गुडघे दुखत असताना. म्हणाली, "एवढं वाच. उद्यापासून काय सुरू होतंय ते वाच."

कायद्याच्या आणि राजकारणाच्या बातम्या मी वाचत नाही. त्याने कपाळाला आठ्या पडतात. उद्या आठ्या नकोत. तिला तसं सांगितलं.

ताई पायरीवर बसली. दम लागला होता तिला. म्हणाली, "अरे, आख्ख्या गल्लीला माहीत आहे. मला वाटायचं तुलाही आहे आणि तू सोंग करतोस."

"काय माहीत आहे?"

तिने पेपरची घडी घातली. मग म्हणाली, "जा. शर्टाला इस्त्री करून ठेवलीय."

ताईला वाटतं, मी गेलो की ती एकटी पडेल. थोरल्या बहिणी सगळ्या सारख्याच. तिला सांगितलं की बुधवारी जेवायला येत जाईन.

फुलबाजारातून मोगऱ्याचे दोन हार आणले. एक रत्चनीला, एक मला. डुकराच्या पायाचा भात आज खाल्ला नाही. पोट.

२३ जानेवारी, गुरुवार. दुपार.

परत आलो. बूट काढले. नीट लिहितो.

नारिंगी रेशमी शर्ट घातला होता, गुरुवारचा रंग म्हणून. बाहेर धुरकं इतकं की शाळांना सुट्टी. हातात हारांची पेटी.

वॉर्ड ऑफिसात तोबा गर्दी. कॅमेरे. मला वाटलं बातमी फुटली. केस सारखे केले, मास्क काढला. कॅमेरे माझ्या मागच्या दोन पांढऱ्या सुटातल्या तरुणांकडे वळले. भाऊ असावेत. एकमेकांचा हात घट्ट धरून होते. आणखीही बरेच भाऊ-भाऊ, बहिणी-बहिणी. एक म्हातारी दुसऱ्या म्हातारीच्या केसांत फूल खोवत होती. मनात म्हटलं, सगळ्यांचे नातलगच आलेत, नवरा-नवरी कुठे आहेत?

रत्चनीने फिकट सोनेरी रेशीम घातलं होतं. चमायनेही तसंच. करवली असेल, वाटलं.

टेबलामागच्या बाईंनी नावं पुकारली. रत्चनी. चमाय. दोघी पुढे झाल्या. मीही झालो.

बाई म्हणाल्या, "साक्षीदार या बाजूला, काका."

"कोण?"

"साक्षीदार. तुम्हीच ना?"

रत्चनी वळली. "हो हो, हाच आमचा साक्षीदार. एक हा, एक चमायच्या दवाखान्यातल्या नर्सबाई." मग तिने चमायचा हात धरला, आणि तो तिने याआधीही हजारदा असाच धरला असणार, हे मला तेव्हा दिसलं. मोरीतला पेला दिसला. ती एक खोली दिसली. तीस वर्षांचे रविवार एकामागून एक दिसले, आणि प्रत्येकात मी सोफ्यावर बसून भात मागत होतो.

मी तोंड उघडलं. कोणी आत आलं नाही. वीज गेली नाही. सगळे माझं ऐकायला थांबले होते.

मी विचारलं, "सही कुठे करू?"

केली. पेन चांगलं होतं.

बाईंनी सांगितलं की आजपासून नवा कायदा लागू, दोन बायकांचं, दोन पुरुषांचंही लग्न नोंदवता येतं, अभिनंदन. दोघी रडायला लागल्या. मी पेटी उघडली, कारण हात रिकामे राहिले की काय करावं कळत नाही. रत्चनीने दोन हार बघितले आणि तिला हुंदकाच फुटला. "बघ ना चमाय, याने दोघींसाठी आणलेत. आम्हाला दोघींना सुचले नाहीत, याला सुचले."

मी हार त्यांच्या हातांत दिले. त्यांनी एकमेकींना घातले. फोटो निघाले. सगळ्यांत मी मधोमध आहे, नारिंगी. एवढं तरी झालं.

नंतर बाहेर पायऱ्यांवर रत्चनी म्हणाली, "तुलाच का बोलावलं माहितेय? तीस वर्षं दर रविवारी घरी आलास. लोकांनी काय काय विचारलं आम्हाला. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, निर्मात्यांनी. ही कोण, लग्न का नाही केलं, खोली एकच का. तू एकदासुद्धा काही विचारलं नाहीस. चमाय म्हणायची, हा एकच सभ्य माणूस भेटलाय आपल्याला."

मी म्हणालो, "त्यात काय."

त्यात खरंच काही नव्हतं.

जेवायला चला म्हणाल्या. शूटिंग आहे म्हणून सांगितलं. नव्हतं.

खाली खाणावळीत ताईने काही विचारलं नाही. बुधवार नसताना डुकराच्या पायाचा भात वाढला, लोणच्याची वाटी जवळ सरकवली, आणि गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं की आज कोपऱ्यातलं टेबल मिळणार नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार.

बेशुद्धी. रत्चनीचा सीन होता. पलंगाशी बसून मला सांगायचं, की मी तुमच्यावर उगाच संशय घेतला, मला माफ करा. छान केलं तिने. माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

नात्तया कट म्हणायचं विसरली. मग धावत आली. "दादा, कमाल!"

दादा म्हणाली. आज ऐकून विशेष काही वाटलं नाही. धूळ होती, म्हणालो. धुरकं आतपर्यंत येतंय.

पुन्हा घेऊ या का, तिने विचारलं. पुन्हा नाही आलं.

२६ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

रत्चनीकडे जायचं नाही असं ठरवलं होतं. अंग जड आहे असं कळवणार होतो. अकरा वाजता चमाय स्वतः खाणावळीच्या दारात. ताई आणि ती काहीतरी बोलत होत्या. मी जिन्यात दिसताच गप्प झाल्या. चमाय म्हणाली, "चल. मासा फोडणीत टाकून आलेय."

गेलो. जेवलो. रत्चनी फोटो दाखवत होती. मग ती लवंडली. चार दिवसांची झोप राहिली होती. खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

चमाय आणि मी दोघंच. तिने चहा दिला. मी डाव्या बाजूने जपून पीत होतो. ते तिने बघितलं.

म्हणाली, "जुक, ते हार. त्यातला एक पुरुषाच्या मापाचा होता."

मी म्हणालो, "बाजारात तसेच मिळाले."

"नारिंगी शर्ट. केसांना रंग. कानालासुद्धा. मी दातांची डॉक्टर आहे, आंधळी नाही."

बाहेर मोटारसायकलवाला भोंगा वाजवत गेला. तिने आत बघितलं, रत्चनी झोपलीय याची खात्री केली, आणि आवाज खाली आणला.

"तिला मी सांगणार नाही. तिला वाटतंय तसंच राहू दे. तू सही केलीस, तेवढं पुरे आहे. दुसरा कोणी असता तर तिथून निघून गेला असता."

मी म्हणालो, "तू काय बोलतेयस मला कळत नाही."

"बरं," चमाय म्हणाली. तिने चष्मा चढवला, खिडकीचा पडदा सरकवला. "इकडे उजेडात ये. तोंड उघड."

खालची उजवी दाढ हलतेय म्हणाली. बरीच जुनी आहे. काढावी लागेल, बुधवारी दवाखान्यात ये.

दुखेल का, विचारलं.

म्हणाली, थोडं.